कुकरची रिंग

बडोदं समुद्रसपाटीपासून एकोणचाळीस मीटर.
आमच्या दांडिया बाजारातल्या इमारतीची गच्ची धरली
तर फार तर त्रेपन्न.
मला जायचंय पाच हजार नव्वदवर.

तूर्तास मी जिन्यात आहे,
पाठीवरच्या सॅकमध्ये नऊ किलो तूरडाळ,
वीस वेळा वर, वीस वेळा खाली.
तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाईंनी
दार किलकिलं करून विचारलं,
"शुं भाव, बेन?"
मला दम लागला होता. नुसती मान हलवली.
त्यांना वाटलं, महाग असणार.

संध्याकाळी मालिनी समर्थ येते.
तिच्या गुडघ्याने फेब्रुवारीत राजीनामा दिला,
वही मात्र तिने सोडली नाही.
वाट तिची, पाय माझे, असं ठरलंय.
नकाशा उडतो म्हणून पंखा बंद.
त्रेचाळीस अंशांत घाम पुसत
आम्ही उणे आठचे हातमोजे ठरवतो.
तीन कोपऱ्यांवर कप, चौथ्यावर लिल्या चेवड्याचा डबा;
एका हिमनदीवर तेलाचा डाग पडलाय.
"तिथे जपून," मालिनी म्हणते, "पाय घसरेल."

ती शिवणाचा दोरा वाटेवर अंथरते,
प्रत्येक वळणाला नखाने दाबत,
मग सरळ ताणून पट्टीवर धरते:
सतरा दिवस, सव्वादोन वीत.

वजन माझ्याकडे.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं चढतं-उतरतं.
टूथब्रशची दांडी अर्धी कापली.
दुसरा टॉवेल काढला. दुर्बीण काढली.
आईचा पितळी गणपती, चौऱ्याऐंशी ग्रॅम,
काढला,
आणि मग हात जोडले.

तांगशुर: घरं अकरा.
वहीत त्याच्यापुढे पेन्सिलीने एक फोन नंबर.
नऊ संध्याकाळी नुसता वारा ऐकला.
दहाव्या दिवशी वाऱ्यातून एक बाई निघाली:
डोलकर.
गावात रेंज एकाच दगडावर येते, तिथे उभी होती.
खोली आहे, म्हणाली. रजया दोन. बटाटे भरपूर.
खिंडीत बर्फ उशिरापर्यंत राहतो, घाई करून येऊ नका.
मग थोडं थांबून,
मोठ्या शहरातून येताय ना?
कुकरची रिंग आणाल? पाच लिटरची.
गेल्या उन्हाळ्यापासून वाफ बाहेर जाते.
इथे पाणी लवकर उकळतं,
पण डाळ काही शिजत नाही.
कंपनी कुठली, हे विचारेपर्यंत
वारा परत आला.

मंगळ बाजारात ठाकोरभाईंनी
खिळ्यावरून रिंगांचा गुच्छ उतरवला.
"ढांकण अंदर बेसे के बहार?"
मी डोळ्यांसमोर ते स्वयंपाकघर आणायचा प्रयत्न केला.
धूर आला, खिडकी आली,
झाकण काही दिसेना.
दोन्ही घेतल्या.

काट्यावर शहात्तर ग्रॅम.
मालिनीने यादी वरून खाली वाचली,
खालून वर वाचली,
आणि काही न बोलता
माझा आरसा बाजूला ठेवला.

जिना अजून चालूच आहे.
रविवारी पावागढ, उडनखटोला न घेता,
पण तिथेही वरपर्यंत चहा मिळतो,
म्हणून मालिनी तो सरावात धरत नाही.

आज रात्री चौदाव्या फेरीला
तिसऱ्या मजल्यावर शिट्टी झाली.
मी थांबले, कठड्याला हात लावून.
दुसरी. तिसरी.
मग गॅस बंद केल्याचा टक् आवाज,
आणि दाराखालून हिंगाचा वास.
इथे तीन पुरतात.
तिथे किती लागतात
ते विचारायचं राहिलं.